शुक्रवारची सुई

पाजणीला दहा-बारा माणसं लागतात. घरचा बाप, घरचा लेक, घरच्या बायका एवढ्यावर ते काम भागत नाही. सबंध गल्लीभर ताणा, म्हणजे मागावर चढायचं उभं सूत, पसरायचा, बांबूंवर तोलून धरायचा, आणि ऊन चढायच्या आत दोन्ही अंगांना माणसं उभी करून भाताची खळ कुंच्यानं सुतात जिरवायची. दोन हात कमी पडले तर खळ वाळते, सूत सुताला चिकटतं आणि आठ लुगड्यांचा ताणा तिथल्या तिथे मातीमोल होतो. म्हणून नागपूरच्या कोष्ट्यांत आज तुझी पाजणी, उद्या माझी, असा रिवाज होता. जातीच्या पंचांना एखाद्याला सरळ करायचं असलं तर ते शिव्या देत नसत की अंगावर धावून जात नसत. त्याच्या पाजणीला कोणी जाऊ नका, एवढंच सांगत. तेवढ्यानं भलेभले सरळ होत.

टिमकीच्या नत्थूजींना एका सकाळी हेच सांगण्यात आलं. तुमचा पोरगा घरात आहे तोवर तुमच्या ताण्याला कोणी हात लावणार नाही, त्याच्या अंगातला रोग खळीत उतरतो, असं समाजाचे पंच दादाजी स्वतः दारात येऊन बोलले. नत्थूजी गल्लीत मानाचे. भजनात पुढे बसणारे, एकादशीला पाणीसुद्धा मोजून पिणारे. त्यांनी दादाजींना चहा पाजला, पानाचा विडा दिला, आणि दादाजींची पाठ वळताच एकवीस वर्षांच्या मधुसूदनला एक घोंगडी आणि एक गडवा देऊन घराबाहेर काढलं. निदान त्या दिवशीचं जेवण होईपर्यंत तरी थांबायचं होतं. पण पाजणी दुसऱ्या दिवसावर आली होती.

मधुसूदनचा गुन्हा काय, तर आठ महिन्यांपासून त्याचे डोळे लाल होते. उजेड सोसत नव्हता. धोट्याखालून तुटलेला धागा निसटून जाई आणि कापडात फट पडे. मग एक गुडघा सुजला. मग नडगीवर एक जखम झाली, ती काही केल्या भरेना. महाल भागातल्या वैद्याला दाखवलं. त्यानं लांबूनच पाहिलं, नाकाला उपरणं लावलं आणि म्हणाला, गरमी, म्हणजे उपदंश. नत्थूजींनी घरी आल्यावर लेकाला एकच विचारलं, कुठं गेला होतास.

मधुसूदन कुठंही गेला नव्हता. माग आणि घर, घर आणि माग, फार तर इतवारीतला सुताचा बाजार, यापलीकडे त्याचा पाय पडला नव्हता. गंगाजमुनेच्या वेश्यावस्तीवरून जाताना तो मान खाली घालून चालायचा. पण बापाला हे सांगायचं तर ते सांगण्याइतकं काही ठाऊक तरी असावं लागतं. घरात देहाचं नाव काढायची सोय नव्हती. मिसरूड फुटल्यावर नत्थूजींनी लेकाला एवढंच शिकवलं होतं, की लंगोट घट्ट बांध आणि मारुतीचं नाव घे. गरमी कशानं होते, कोणापासून होते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे वैद्यानं नाव घेतल्यावर त्याला वाटलं, वाईट स्वप्न पडल्यानंही होत असेल. एकदा बांगड्यांच्या दुकानातल्या बाईकडे टक लावून पाहिलं होतं, त्यानं झाली असेल. तो गप्प राहिला. आणि गप्प राहणारा गुन्हेगार असतो, एवढं गल्लीला पुरेसं होतं.

तो स्टेशनाजवळच्या संत्रा मार्केटात जाऊन पडला. तिथल्या टिनाच्या शेडखाली त्याच्यासारखे पंधरा-वीस जण राहत. दिवसा संत्र्यांच्या टोपल्या वाहायच्या, रिकाम्या टोपल्यांच्या आडोशाला झोपायचं. कोणी बापाशी भांडून आलेला, कोणाच्या आईनं दुसरं घर केलेलं, कोणाला भावांनी हाकललेलं. त्यातल्या निम्म्यांना मधुसूदनचाच रोग होता, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. कोणी मोरचूद लावी, कोणी गाढविणीचं दूध शोधत फिरे. एकानं तर रोग उतरवायला पुन्हा त्याच वस्तीत जाण्याचा इलाज सांगितला होता, आणि तो त्याच्या थोरल्या भावानं त्याला शिकवला होता. घरच्यांनी दिलेली विद्या म्हणतात ती ही अशी.

या सगळ्यांत शालिकराम तेवढा शहाणा निघाला. काटोलच्या संत्राबागायतदाराचा हा पोरगा तेवीस वर्षांचा होता. त्यानं खरोखरच दिवे लावले होते, आणि ते तो लपवत नव्हता. बापाच्या भीतीनं पळून आला होता. सरकारी दवाखान्यात या रोगावर सुई देतात हे त्याला टांगेवाल्याकडून कळलं आणि तो मधुसूदनला ओढतच घेऊन गेला. सुई दर आठवड्याला एक, सोमलाची, आणि वर्षभर चुकवायची नाही. दोघांना मंगळवार मिळाला.

तिसऱ्या मंगळवारी चंपतराव उगवले. चंपतराव म्हणजे शालिकरामचे वडील. दीड महिना मार्केटात टोपली न् टोपली हुडकून त्यांनी लेकाला शोधून काढलं होतं. आल्या आल्या त्यांनी शालिकरामच्या दोन थोबाडीत दिल्या, मग त्याला पोटाशी धरून रडले, आणि मग दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कंपाउंडर गणपतरावांना म्हणाले, "हा माह्या पोट्टा आहे. यानं शेण खाल्लं. तुमी सुई देत राहा, आणाचं काम माह्यं." त्यानंतर दर मंगळवारी ते काटोलच्या गाडीनं लेकाला घेऊन येत, बाकावर बसून त्याला मनसोक्त शिव्या देत आणि येताना आणलेली संत्री सोलून सगळ्या रोग्यांना वाटत. मधुसूदनच्या हातावर फोड ठेवताना ते मुद्दाम त्याच्या हाताला हात लावत. मधुसूदनला त्या माणसाचा राग येई. हे कसं होतं, की ज्यानं केलं त्याला बाप होता.

त्याच सुमारास मधुसूदनच्या रक्ताचा निकाल आला. डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं, तोंड उघडायला लावलं, पुढचे दात बराच वेळ पाहिले. दातांना लहानपणापासून मधोमध खाच होती. डॉक्टरांनी विचारलं, भावंडं किती. एक धाकटी बहीण, कुसुमावती, अठरा वर्षांची. आणि तुझ्याआधी? चार झाली होती, वाचली नाहीत. मग डॉक्टर हात धुऊन आले आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. त्याच्या इतक्या जवळ बसून कोणी बोलल्याला बरेच दिवस झाले होते. ते म्हणाले, हा रोग तू कुठून आणला नाहीस. तुला तो जन्मासोबत मिळाला. बापाकडून आईला गेला, आईकडून तुला.

मधुसूदनला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर आनंद. खरंच आनंद. त्याला वाटलं, उठावं आणि थेट टिमकीत जाऊन गल्लीच्या तोंडाशी ओरडून सांगावं, की मी काही केलं नाही. डॉक्टर पुढे बोलत होते ते त्याच्या कानात अर्धवट शिरत होतं. आई-बापांनाही सुया घ्याव्या लागतील. हा रोग म्हातारपणी पायांत उतरतो, मेंदूत चढतो, माणूस लुळा पडतो. पण त्याआधी बहिणीला घेऊन ये, तिचं लग्न व्हायच्या आत. नाहीतर तिचं पहिलं मूल तुझ्या आईच्या पहिल्या मुलाच्या वाटेनं जाईल. हे वाक्य मात्र पूर्ण शिरलं. कुसुमचे दातही त्याच्यासारखेच होते, आणि गेल्या उन्हाळ्यापासून तिला दिव्याकडे बघवत नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती. नत्थूजी सुताच्या बाजाराला गेले असतील अशी वेळ साधून तो मागच्या दारानं घरात शिरला. आई, जिजाबाई, रहाटावर सुताच्या कांड्या भरत होती. त्यानं उंबऱ्यातच उभं राहून डॉक्टरांचं सगळं बोलणं तिला सांगितलं. त्याला वाटलं होतं, ती रडेल, नाहीतर कानांवर हात ठेवेल. तिनं रहाट थांबवला नाही.

"मले मालूम आहे, बापा," ती म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याहिनं कामठीच्या हकिमाजवळून पाऱ्याची धुरी घेतली होती. तोंड सुजलं होतं, महिनाभर पेज पाजली मी. मंग साऱ्या जखमा भरल्या. ते म्हणे, गेला रोग. तुह्या आधी चार झाले. एकही रडलं नाही. सासू म्हणे, इच्या पोटात जहर आहे. तुह्या बाप आयकत राहे अन् जेवत राहे."

मग तू बोलली काहून नाही, असं त्यानं विचारलं. मी घराबाहेर निघालो त्या दिवशी तरी तू तोंड का उघडलं नाहीस. जिजाबाईनं भरलेली कांडी काढून दुसरी लावली. बोलून कुठं जाणार होते मी, एवढंच ती म्हणाली. आणि मग तिनं घरात काय चाललं होतं ते सांगितलं.

कुसुमचं लग्न उमरेडच्या कोष्ट्यांकडे ठरत आलं होतं. मुलगा चांगला, घरचे चार माग. एरवी अठराव्या वर्षापर्यंत पोरगी घरात ठेवायची रीत नव्हती, भावाच्या डोळ्यांच्या दुखण्यानं दोन स्थळं आधीच हातची गेली होती. उमरेडवाल्यांच्याही कानावर गोष्ट गेलीच होती. त्यांनी दादाजींकरवी विचारणा केली होती, की मधुसूदनचा रोग घरातला की बाहेरचा. बाहेरचा असेल तर त्यांची हरकत नव्हती. कुठल्या घरात एखादा वाया जात नाही. पण घरातला असेल तर बोलणं संपलं. आणि त्यांना हे मधुसूदनच्याच तोंडून, पंचांसमोर ऐकायचं होतं.

एवढ्यात नत्थूजी सुताचे गठ्ठे घेऊन आले. लेकाला पाहून ते ओरडले नाहीत. त्यांनी पुढचं दार लावून घेतलं, गठ्ठे खाली ठेवले आणि डॉक्टरांचं सगळं म्हणणं मधुसूदनच्या तोंडून शांतपणे ऐकून घेतलं. पाय लुळे पडतात या शब्दावर त्यांनी एकदा मान वर केली. बाकी चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मी असं काही केलं नाही, असंही ते म्हणाले नाहीत. चूक झाली, असंही म्हणाले नाहीत. बायकोकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी सौदा करायच्या आवाजात विचारलं, "तुले काय पाहिजे?"

वाटेनं येताना मधुसूदनला पुष्कळ काही हवं होतं. त्याला आपलं नाव परत हवं होतं, आपला माग हवा होता, पाजणीला ताण्याच्या कडेला आपली जागा हवी होती. पण आतल्या खोलीच्या दारात कुसुम उभी होती, आणि मागच्या कवाडातून येणारा उजेड चुकवायला तिनं डोळ्यांवर हात धरला होता.

"कुसुमले सुई," तो म्हणाला. "अन् मायले. लग्नाच्या आधी सुरू करा, अन् बंद नोका करू."

"अन् तू पंचाईतीत सांगशीन?"

"सांगतो. मीच आणला म्हणून सांगतो."

नत्थूजींनी मागावर हात ठेवून शपथ घेतली. कोष्ट्याला त्याहून मोठी शपथ नाही. त्यांनीच वारही ठरवला. मधुसूदन मंगळवारी जातो, तर आपण दोघींना घेऊन शुक्रवारी जाऊ, म्हणजे एका ठिकाणी कोणी पाहायला नको. मधुसूदननं शुक्रवारी दवाखान्याकडे फिरकायचं नाही. हे त्याला पटलं. इतकी काळजी बाप घेतोय याचं त्याला बरंसुद्धा वाटलं. माणूस उपाशी असला की शिळ्याचंही कौतुक होतं, तसं झालं.

खोटं बोलायचं तर तेही धड यायला हवं. पंच खोदून विचारतील हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याला तर त्या वस्तीतलं एक दारही माहीत नव्हतं. मग शालिकरामनं बाकावर बसून त्याची शिकवणी घेतली. कोणत्या गल्लीत शिरायचं, कोणत्या घराला हिरवं कवाड आहे, आत गेल्यावर पायताणं कुठं काढतात. मधुसूदन शाळेतल्या पोरासारखं सगळं पाठ करत होता. चंपतराव संत्रं सोलत ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, पोरा, हे नको करू, चाल माझ्यासोबत काटोलले, बगीच्यात झोपडी आहे, राखण कर, सुईपुरता येत जा. मधुसूदन म्हणाला, बहिणीचं लग्न झालं की येतो.

मारुतीच्या देवळापुढे पंचायत बसली. उमरेडचे चार पाहुणे सतरंजीवर, गल्लीतले सगळे भोवती, नत्थूजी एका खांबाला टेकून. रिवाजाप्रमाणे मधुसूदननं स्वतःची पायताणं डोक्यावर घेतली आणि उन्हात उभा राहिला. ऊन डोळ्यांत सुईसारखं घुसत होतं, त्यामुळे डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि लोकांना वाटलं, पोराला पश्चात्ताप झाला. दादाजींनी विचारलं, रोग कुठून आला. तो म्हणाला, मी बाजारात गेलो होतो, मी आणला, घराचा त्यात काही संबंध नाही. कोणत्या घरी? हिरव्या कवाडाच्या. कितीदा? हे शालिकरामनं शिकवलं नव्हतं. तो अडखळला, मग म्हणाला, चारदा. मागून कोणीतरी हसलं. उमरेडच्या म्हाताऱ्या पाहुण्यानं समाधानानं मान हलवली. आणि नत्थूजी, भजनात पुढे बसणारे नत्थूजी, खांबापासून पुढे आले आणि सगळ्यांदेखत लेकाच्या पायाशी थुंकले. ठरलं होतं त्यात हे नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात नत्थूजींच्या पाजणीला चौदा माणसं उभी राहिली. हे त्याला मार्केटात कोणीतरी सांगितलं.

हिवाळाभर त्याच्या सुया चालू राहिल्या. नडगीची जखम भरत आली, गुडघा उतरला, डोळ्यांत थोडा थोडा उजेड मावू लागला. माघात एकदा जिजाबाई त्याला जुम्मा तलावाच्या काठी भेटली. कापडात बांधून तिळाचे लाडू आणले होते. त्यानं लाडू हातात घेण्याआधीच विचारलं, सुया चालू आहेत ना. कुसुम घेते ना, तुला मळमळत तर नाही. जिजाबाईनं पदर कपाळावर ओढला आणि म्हणाली, होय, चालू आहेत. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. बोलायची वेळच आली नव्हती, कारण ती बोलतच नसे. त्यानं लाडू खाल्ले आणि त्याला त्या दिवशी फार शांत झोप लागली.

वैशाखात लग्न झालं. तो मांडवात गेला नाही, जायचं नव्हतंच. इतवारी स्टेशनावरून उमरेडकडे छोट्या लाइनीची गाडी सुटते, तिथे तो हमालांत मिसळून उभा राहिला. कुसुम पिवळ्या लुगड्यात खिडकीशी बसली होती. डोळे लालभडक झाले होते. बायका म्हणत होत्या, पोरगी किती रडली. तिनं त्याला पाहिलं की नाही, त्याला कळलं नाही. गाडी गेल्यावर त्याला वाटलं, डोक्यावर पायताणं घेतली ती फुकट गेली नाहीत. इतक्या सुया झाल्या, आता ती सुखरूप आहे. चार दिवसांनी त्यानं घोंगडी उचलली आणि तो काटोलला चंपतरावांच्या बागेत राहायला गेला. दर मंगळवारी गाडीनं येई, सुई घेई, परत जाई.

श्रावण संपता संपता एका मंगळवारी पोळा आला आणि दवाखाना बंद राहिला. सुईत खंड पडू द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लग्न होऊन गेलं, आता शुक्रवारी गेल्यानं कोणाचं काय बिघडतं, असा विचार करून तो शुक्रवारी आला. शिवाय मनात एक आशाही होती. कदाचित आई दिसेल. कुसुम माहेरी आलेली असली तर तीही दिसेल. त्यानं येताना पिशवीत बागेतली मोसंबी घेतली होती.

कंपाउंडर गणपतरावांनी त्याची चिठ्ठी पाहिली आणि चष्मा वर केला. ते म्हणाले, अरे, हे एक गमतीचंच आहे. शुक्रवारच्या रोग्यांतही तुझ्याच नावाचा एक जण आहे. मधुसूदन नत्थूजी, राहणार टिमकी. मी नावावरून तूच समजत होतो, आणि उठून आला तर म्हातारा. कधीपासून येतो, असं मधुसूदननं विचारलं. दिवाळीनंतरपासून, एकही शुक्रवार चुकला नाही, फार नेमाचा माणूस. आणि सोबत बायका? गणपतराव म्हणाले, बायका कुठल्या, एकटाच येतो, कोणाशी बोलत नाही, तो बघ तिकडे बसला आहे.

नत्थूजी व्हरांड्याच्या टोकाच्या बाकावर, उपरण्यानं अर्धं तोंड झाकून बसले होते. मधुसूदन जाऊन शेजारी बसला. परक्या माणसाला जागा द्यावी तसे ते सौजन्यानं थोडे सरकले, आणि मग त्यांनी पाहिलं.

"कुसुमले एक तरी सुई देल्ली का?" मधुसूदननं विचारलं.

नत्थूजींनी इकडेतिकडे पाहिलं. कोणी ऐकत नव्हतं. ते हळू आवाजात, समजूत घालायच्या सुरात बोलू लागले. पोरीला इथं आणली असती तर कोणीतरी पाहिलंच असतं. उमरेडवाल्यांना कळलं असतं. लग्न मोडलं असतं, मग काय करायचं होतं त्या सुयांचं? आणि तुझी माय म्हणते, मला काही होत नाही. माझी गोष्ट निराळी आहे. माझे पाय बधिर होऊन राहिले होते, मागाच्या खड्ड्यात पावडी दाबली जात नव्हती. मी पडलो तर घर कोण पाहणार? आता बरं आहे. चांगला डॉक्टर आहे हो इथला.

"अन् माह्यं नाव काहून सांगितलं?"

"तुह्यं तं खराब झालंच होतं," नत्थूजी म्हणाले. त्यात त्यांना काही वावगं वाटलेलं दिसलं नाही.

मधुसूदनच्या मनात आलं, उठावं आणि आत्ताच्या आत्ता उमरेडची गाडी पकडावी. कुसुमच्या सासऱ्यासमोर उभं राहून सगळं सांगावं. पण पंचायतीच्या दिवशी तो म्हातारा सासराच त्याच्यासमोर सतरंजीवर बसला होता. त्यानं मधुसूदनचं बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. हिरवं कवाड, चारदा, घराचा काही संबंध नाही. असला माणूस आज येऊन म्हणाला, की ते खोटं होतं, रोग माझ्या बापाचा, तुमच्या सुनेच्या रक्तातही आहे, तर त्याला कोणी दारात तरी उभं करील का? उलट बहिणीच्या सुखावर जळतो म्हणून काठ्या घेऊन धावतील. आणि त्याचं खरं मानलं तर? तर त्याच दिवशी कुसुमला नागपूरच्या गाडीत बसवून देतील. बापाचा गळा धरावासा वाटला. पण मोसंब्यांची पिशवी मांडीवर घेऊन तो तसाच बसून राहिला.

लेक गप्प झालेला पाहून नत्थूजींना हायसं वाटलं. गप्प बसणाऱ्यांवरच त्यांचा संसार झाला होता. कितीतरी दिवसांनी पोरगा भेटला, त्याला काहीतरी गोड सांगावं, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी तोंडावरचं उपरणं खाली घेतलं आणि चक्क त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"उमरेडची चिठ्ठी आली परवा," ते म्हणाले. "कुसुमले चौथा महिना लागला. मामा होऊन राहिला तू."

आतून गणपतरावांनी मधुसूदन नत्थूजी म्हणून पुकारा केला. नत्थूजी उठले, धोतराचा सोगा सारखा केला आणि सुई घ्यायला आत गेले.